मरम्मत कुणाची, पाणी कुणाचे?

पाण्याच्या प्रश्नावर सरकारी तिजोरी उघडण्याची वेळ आली की राज्यकर्त्यांना लोकसहभागाची आठवण होते. गावकऱ्यांनी घमेले-फावडे घेऊन तळ्यावर यावे, गाळ उपसावा, बांध दुरुस्त करावा आणि हे सारे पूर्वजांच्या थोर परंपरेला जागून करावे, असा उपदेश मग मंत्र्यांच्या भाषणांतून आणि पानभर जाहिरातींतून ऐकू येऊ लागतो. तमिळनाडूत २०१७ साली या उपदेशाला सरकारी योजनेचे रूप मिळाले. गावतळ्यांच्या दुरुस्तीची ही योजना ‘कुडिमरामत्तु’ या जुन्या नावाने जाहीर झाली. पहिल्या टप्प्यासाठी १०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि खर्चाचा दहा टक्के वाटा लाभधारक शेतकऱ्यांनी श्रम, साहित्य किंवा रोख रकमेच्या रूपाने उचलावा अशी अट घालण्यात आली. कामे शेतकऱ्यांच्या संघांच्या नावावर निघाली. प्रत्यक्षात ती ठेकेदारांनीच बळकावली, अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून झाल्या.

या शब्दाचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास ‘श्रमदान’ हा शब्द चटकन हाताशी येतो. तो वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘कुडि’ म्हणजे रयत, गावची वस्ती करून राहिलेला माणूस. ‘मरामत्तु’ म्हणजे मराठीतही रुळलेला ‘मरम्मत’ हाच अरबी शब्द. रयतेने करावयाची मरम्मत, इतकाच त्याचा अर्थ. त्यात दानाचा लवलेश नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही असते आणि जो न देण्यास मोकळा असतो तोच दान करू शकतो. तळ्यावर राबणारी रयत अशी मोकळी कधीच नव्हती. तिच्या श्रमाच्या बदल्यात तिला काय मिळत होते, ते कुणी हिरावून घेतले आणि हिरावून घेतल्यानंतरही श्रमाची सक्ती कशी चालू राहिली, हाच या शब्दाचा इतिहास आहे. तो समजून घेण्यास चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूरइतके उद्बोधक ठिकाण क्वचितच सापडेल.

एरीचे अर्थकारण

अंबत्तूर आज चेन्नई महानगराचा एक विभाग आहे. २०११ साली ही नगरपालिका महापालिकेत विलीन झाली, तेव्हा तिची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक होती. त्याआधीच्या शतकानुशतकांत मात्र ते जुन्या चिंगलपट मुलखातील भातशेतीचे एक गाव होते. या मुलखात बारमाही नदी नाही. जमीन पश्चिमेकडून समुद्राकडे अगदी हळू उतरत जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाच्या काही मोजक्या सरींवर वर्षाचे पीक अवलंबून असते. अशा प्रदेशात पडलेले पाणी अडविल्याखेरीज भात पिकत नाही. म्हणून उतारावर चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा लांब बांध घालून पाणी साठविण्याची पद्धत येथे रूढ झाली. या साठ्याला तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. तमिळनाडूत अशा लहानमोठ्या तळ्यांची संख्या सुमारे ३९ हजार सांगितली जाते.

एरी एकटी नसते. वरच्या एरीच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या एरीत जाते, तिचे त्याखालच्या एरीत. अंबत्तूरच्या एरीचे जादा पाणी कोरट्टूरच्या एरीत आणि तेथून पुढे रेट्टेरीकडे जाते, ही अशीच एक साखळी आहे. वरच्या गावाने सांडव्यावर फळ्या रोवून पाण्याची पातळी हातभर वाढविली तर त्याच्या एरीच्या काठची शेते बुडतात आणि खालच्या गावाची एरी कोरडी राहते. वरचा बांध फुटला तर त्याचा लोंढा खालचा बांधही फोडतो. म्हणजे सहकार एका गावापुरता ठेवून भागत नव्हते. गावागावांत पाण्याचे करार असावे लागत आणि ते पाळले जावे लागत. हा सहकार कुणाच्या सद्भावनेतून जन्मलेला नव्हता. जमिनीच्या उतारानेच तो अटळ केला होता.

एरी बांधणे हे एकदाचे काम, ती टिकविणे हे दरवर्षीचे. पावसाबरोबर गाळ येतो, मातीचा बांध खचतो, पाणी सोडण्याच्या मोऱ्या तुंबतात, पाणी आणणारे ओढे झाडोऱ्याने भरतात. एक वर्ष हयगय केली तर पुढच्या वर्षी पाणी कमी साठते. या सततच्या कामाचा खर्च कोण करीत असे? अठराव्या शतकातील कागदपत्रे याचे स्पष्ट उत्तर देतात. ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ ते १७७४ या काळात थॉमस बर्नार्ड याच्याकडून या मुलखातील सुमारे दोन हजार गावांची पाहणी करून घेतली. तिच्या नोंदींवरून दिसते की खळ्यावर धान्याची रास पडली की सरकार आणि कुळ यांच्यात तिची वाटणी होण्यापूर्वीच गावच्या सामाईक कामांसाठी काही वाटे बाजूला काढले जात. त्यांत एरीच्या देखभालीचा वाटा असे. याशिवाय काही जमिनी सारामाफीने या कामासाठी लावून दिलेल्या असत. पाणी सोडणारा, मोरीवर पहारा करणारा, शेताशेताला पाळीने पाणी पोहोचविणारा माणूस गावचा नोकर असे. त्याला ‘नीरकट्टी’ म्हणत. आपल्याकडील पाटकऱ्याचेच काम तो करी आणि त्याचे वेतनही खळ्यावरच्या वाट्यातून निघे.

या व्यवस्थेचे तीन आधार होते. एरीचा निधी गावातच जमा होई आणि गावातच खर्च होई. वाट्याला आलेल्या श्रमातून कुणाला अंग चोरता येत नसे. आणि त्या निधीच्या व श्रमाच्या बदल्यात पाण्यावरचा हक्क ठरलेला असे. निधी, श्रम आणि हक्क ही तिवई होती. तिचा एक पाय काढला तर ती उभी राहणार नाही, हे सांगण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

हे प्रजासत्ताक कुणाचे होते?

येथपर्यंतचा इतिहास सांगून थांबणारे पुष्कळ आहेत. इंग्रज येण्यापूर्वी आपली खेडी सुखी, स्वयंपूर्ण प्रजासत्ताके होती, परकीयांनी त्यांचा घात केला, आता ती परंपरा पुनरुज्जीवित केली की पाण्याचा प्रश्न सुटेल, असा त्यांचा युक्तिवाद असतो. यातील परकीयांविषयीचा भाग खरा आहे. सुखी प्रजासत्ताकाविषयीचा भाग तपासून पाहिला पाहिजे.

याच मुलखात, अंबत्तूरच्या नैऋत्येला, उत्तिरमेरूर हे गाव आहे. तेथील मंदिरावर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीतील इ.स. ९१९ व ९२१ चे कोरीव लेख आहेत. गावसभेच्या समित्या चिठ्ठ्या काढून कशा निवडाव्यात याचे तपशीलवार नियम त्यांत आहेत आणि त्या समित्यांत ‘एरी वारियम’ म्हणजे तळ्याची समितीही आहे. सहा सभासदांच्या, ठरावीक मुदतीच्या, हिशेब चुकविणाऱ्याला अपात्र ठरविणाऱ्या या समितीचे कौतुक सर्वच इतिहासग्रंथांतून आढळते. ते अनाठायी नाही. परंतु त्याच लेखांत उमेदवाराची पात्रताही दिली आहे: त्याच्याजवळ पाव वेलीहून अधिक करपात्र जमीन असावी, स्वतःच्या जागेवर घर असावे, वय ३५ ते ७० च्या दरम्यान असावे आणि त्याला वेदाध्ययन असावे. पुरुष, ब्राह्मण, जमीनमालक. तळ्याचा बांध ज्यांनी डोक्यावर माती वाहून घातला त्यांच्यापैकी एकाचीही चिठ्ठी त्या मडक्यात पडण्याची शक्यता नव्हती.

पुढील शतकांत सत्ताधारी बदलले, जमीनमालकांच्या जातीही गावोगावी वेगवेगळ्या झाल्या, तरी सांगाडा तोच राहिला. चिंगलपट हा मिरासदारांचा मुलूख होता. मराठी वाचकाला मिरासदार आणि उपरी ही जोडी परिचित आहे. तेथे ती मिरासदार आणि पायकारी अशी होती. गावच्या पडीक जमिनीवर, गावठाणावर आणि एरीवर मिरासदारांचा सामाईक हक्क चाले. पायकारी कुळे त्यांच्या मर्जीने जमीन कसत. त्यांच्याही खाली अस्पृश्य मानलेला परैयर समाज होता, ज्याच्या श्रमावर भातशेती उभी होती आणि ज्याला बहुधा स्वतःच्या झोपडीखालच्या जमिनीचाही हक्क नव्हता. नीरकट्टी हा पुष्कळ गावांत याच समाजातला असे. गावातील प्रत्येक शेताला किती पाणी लागते हे त्याच्याइतके अचूक कुणाला ठाऊक नव्हते, आणि त्या पाण्यावर त्याच्याइतका हक्कहीनही कुणी नव्हता. १८९१ साली चिंगलपटचा कलेक्टर ट्रेमेनहीर याने या समाजाच्या स्थितीवर जे टिपण सरकारला सादर केले त्यात, पडीक जमीन दलितांच्या हाती जाऊ नये म्हणून मिरासदार कसे अडथळे आणतात हे सविस्तर मांडले होते. पुढे दलितांना जमीन देण्याचे जे धोरण मद्रास सरकारने १८९२ पासून स्वीकारले, त्यामागे हे टिपण होते.

मार्क्सने १८५३ साली हिंदुस्थानावर लिहिलेल्या लेखांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. पूर्वेकडील राज्यसंस्थांचे सार्वजनिक बांधकाम हे एक प्रमुख खाते असते, कारण तेथे पाटबंधाऱ्यांवाचून शेती नाही. इंग्रजांनी महसूल आणि युद्ध ही दोन खाती वारशाने घेतली आणि तिसऱ्याकडे संपूर्ण दुर्लक्ष केले, हा आरोप त्याने तेथे केला. त्याच लेखात या ग्रामसमुदायांवर जातिभेदाचा आणि गुलामगिरीचा डाग आहे हेही त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले. वसाहतवादाचा निषेध करण्यासाठी सरंजामशाहीची आरती करण्याची गरज त्याला भासली नाही. आपल्यालाही ती भासण्याचे कारण नाही.

निधी गेला, वेठ उरली

आता कंपनी सरकारने काय केले ते पाहू. १७६३ साली अर्काटच्या नवाबाकडून हा मुलूख जहागीर म्हणून कंपनीच्या हाती आला. कंपनीला महसूल हवा होता आणि खळ्यावर सरकारी वाटणीच्या आधी निघणारे सामाईक वाटे तिला गळतीसारखे वाटत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रयतवारी पद्धत आली, सारा प्रत्येक खातेदाराशी स्वतंत्रपणे आणि रोख रकमेत ठरू लागला. सामाईक वाटे हळूहळू आटले. सारामाफीच्या जमिनींची चौकशी करण्यासाठी १८५८ मध्ये इनाम आयोग नेमला गेला आणि गावकीच्या सेवेसाठी लावून दिलेल्या जमिनींचे सेवेशी असलेले नाते तुटत गेले. एरी सरकारच्या मालकीची झाली. तिच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीला ओलिताचा वाढीव सारा लागू झाला आणि तो जिल्ह्याच्या खजिन्यात जाऊ लागला.

अपवाद घडले नाहीत असे नाही. १७९४ ते १७९८ या काळात या जहागिरीचा कलेक्टर असलेल्या लायोनेल प्लेस याने तळ्यांच्या दुरुस्तीवर भर दिला. मदुरांतकमच्या मोठ्या तळ्याशी त्याचे नाव आजही तेथील लोककथेत जोडले जाते. महसूल हवा तर तळी शाबूत हवीत हे त्याला कळत होते. परंतु एका अधिकाऱ्याची समज ही व्यवस्थेची समज ठरत नाही. निधी मद्रासला आणि मद्रासहून लंडनला जात राहिला, आणि बांध खचत राहिले.

बांध खचू लागले तेव्हा सरकारला रयतेच्या जुन्या कर्तव्याची आठवण झाली. १८५८ चा मद्रास सक्तीच्या श्रमाचा कायदा हा या आठवणीचा पुरावा आहे. बांध फुटण्याचा धोका उद्भवल्यास गावातील सशक्त पुरुषांना कामावर बोलाविण्याचा अधिकार या कायद्याने अधिकाऱ्यांना दिला. त्याबरोबरच, रिवाजानुसार एकत्र श्रमाने करावयाच्या पाटबंधाऱ्यांच्या कामात आपला वाटा न उचलणाऱ्याकडून त्या श्रमाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूदही केली. यातील चलाखी लक्षात घेण्याजोगी आहे. रिवाजाचे तीन भाग होते. त्यातील निधीचा भाग सरकारने स्वतः गिळला, हक्काचा भाग मालकीच्या नोंदीत बुडविला आणि उरलेल्या श्रमाच्या भागाला मात्र ‘पवित्र रिवाज’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. मराठीत याला एकच शब्द आहे: वेठ.

रयतेने या वेठीला मनापासून साथ दिली नाही, याचे आश्चर्य वाटू नये. पुढची पन्नास-पाऊणशे वर्षे सरकारी अहवालांतून एकच सूर ऐकू येतो: लोक पूर्वीसारखे तळ्यावर येत नाहीत, त्यांच्यातील एकीची भावना नष्ट झाली आहे. जणू एकी ही हवेत तरंगणारी वस्तू होती आणि एका सकाळी ती उडून गेली. एकीचा पाया खळ्यावरच्या राशीत होता. रास उचलून नेल्यावर एकी राहिली नाही, इतकेच.

याच काळात शहराने गावाच्या पाण्याकडे हात पुढे केला. मद्रासच्या पाणीपुरवठ्याची पहिली मोठी योजना १८७० च्या दशकात पूर्ण झाली. तिने कोसस्थलैयार नदीचे पाणी वळवून चोळवरम आणि पुळल येथील तळ्यांत आणले. अंबत्तूरच्या उत्तरेस असलेले पुळल, ज्याला रेड हिल्स म्हणून ओळखतात, मुळात अशीच एक एरी होती; ती वाढवून शहराचा जलाशय झाली. शहराला पाणी मिळावे याला कुणाचा विरोध असू शकत नाही. परंतु या देवघेवीत गावाला काय मिळाले, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, आणि २००४ पासून वीराणम या चोळकालीन तळ्याचे पाणी दोनशेहून अधिक किलोमीटरवरून चेन्नईला येऊ लागले तेव्हाही तो प्रश्न जवळपास तसाच राहिला.

एरी आटली, नळ आला नाही

स्वातंत्र्यानंतर मालकी परक्यांकडून स्वकीयांकडे आली. एरीचे भवितव्य त्याने बदलले नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत विजेचे पंप आले. ज्याच्याकडे भांडवल होते त्याने स्वतःची विहीर खोदली, पंप बसविला आणि एरीच्या पाळीतून तो मोकळा झाला. एरीच्या झिरप्यामुळेच त्याच्या विहिरीला पाणी होते, पण बांधाच्या मरम्मतीची गरज त्याला उरली नाही. गावात ज्याचा शब्द चाले त्यानेच असे अंग काढून घेतल्यावर एरी फक्त लहान शेतकऱ्याची राहिली, आणि लहान शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कचेरीपर्यंत पोहोचत नाही.

अंबत्तूरमध्ये याच्या जोडीला कारखाने आले. सायकलचा कारखाना स्वातंत्र्यानंतर लवकरच उभा राहिला. १९६४ साली राज्य सरकारने येथे औद्योगिक वसाहत स्थापन केली आणि पुढे ती देशातील लहान उद्योगांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक ठरली. रोजगार आला, कामगारवर्ग आला, त्याच्या संघटना आल्या. ही प्रगतीच होती. परंतु भातशेती गेली तसा एरीचा ‘आयकट’, म्हणजे तिच्या पाण्यावर भिजणारा पट्टाही गेला, आणि आयकट गेल्यावर सरकारी दप्तरात एरी ही मोकळी जागा ठरली. अंबत्तूरच्या दक्षिणेस मोगप्पैर येथे गृहनिर्माण मंडळाने उभारलेल्या वसाहतीचे अधिकृत नावच ‘मोगप्पैर एरी योजना’ आहे. तळे बुजवून घरे बांधावीत आणि तळ्याचे नाव पत्त्यात ठेवावे, असा हा न्याय. चेन्नईतील नुंगंबाक्कमचे तळे असेच नाहीसे झाले; त्याच्या जागेवर १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभे राहिले.

ज्या एरी बुजल्या नाहीत त्या गटारे झाल्या. अंबत्तूर परिसरातील सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी कोरट्टूरच्या एरीत मिसळते, ही तेथील रहिवाशांच्या चळवळीची अनेक वर्षांची तक्रार आहे आणि ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण खंडपीठापर्यंत गेली. ज्या साखळीने कधी काळी वरच्या गावाचे पाणी खालच्या गावाला पोहोचविले तीच साखळी आता वरच्या वस्तीची घाण खालच्या वस्तीला पोहोचविते. दुसरीकडे, २००७ साली तळ्यांवरील अतिक्रमणे हटविण्याचा कायदा राज्याने केला. त्याखाली सर्वप्रथम आणि सर्वांत सहज हलविली जातात ती गरिबांची घरे. एरीच्या पोटात सरकारने स्वतः बांधलेल्या इमारती जागच्या जागी राहतात.

या साऱ्याचा हिशेब २०१९ च्या उन्हाळ्यात चुकता झाला. शहराचे चारही मोठे जलाशय, पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम, जवळपास कोरडे पडले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पाण्याची आगगाडी विल्लिवाक्कम स्थानकावर पोहोचली. अरक्कोणमकडून विल्लिवाक्कमला येणारा लोहमार्ग अंबत्तूर आणि कोरट्टूर या स्थानकांवरून जातो. दोन एरींच्या शेजारून रुळांवरून पाणी वाहून न्यावे लागले! आपल्याकडील वाचकाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पाण्याच्या गाडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या काळात सुस्थितीतील कुटुंबांनी खाजगी टँकर मागविले. ते टँकर शहराभोवतालच्या खेड्यांतील विहिरींतून भरले जात. कारखान्यात पाळी करून आलेल्या कामगाराच्या घरातील स्त्री प्लॅस्टिकचे हंडे घेऊन रांगेत उभी राहिली. पाणी पुरविणे हे एकेकाळी सर्वांचे काम होते. ते आता विकत घेऊ शकणाऱ्याचे भाग्य आणि न घेऊ शकणाऱ्या घरातील बाईचे ओझे झाले आहे.

महाराष्ट्राने काय शिकविले

मग जुन्या सहकाराकडे परत जाता येत नाही आणि बाजारावरही विसंबता येत नाही, तर मार्ग कोणता? याचे उत्तर शोधण्यास महाराष्ट्रातील काही अनुभव मार्गदर्शक आहेत.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धत ही चिंगलपटच्या एरीची भावकीच म्हणावी लागेल. बंधाऱ्याखालील सारे लाभक्षेत्र काही फडांत विभागलेले असते, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पिकांचा फेर सर्वांनी मिळून पाळावयाचा. पंच, पाटकरी आणि जागल्या यांच्यामार्फत शतकानुशतके हा कारभार चालला. पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक ठेवून तुटीचा भार सर्वांनी वाटून घ्यावयाचा, हे तिचे वैशिष्ट्य. तरीही फड होता तो जमीनधारकांचाच. ज्याला जमीन नाही त्याला फडात जागा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, तेव्हा ‘गावचे तळे’ या शब्दातील ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासाने कायमचा उभा केला.

या प्रश्नाला शेतीच्या पाण्याच्या क्षेत्रात पहिले ठोस उत्तर १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात मिळाले. विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठेवता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात ठेवला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून सोडविता येतो, हे कागदावर नव्हे तर शेतात दिसून आले.

दुसरे उत्तर सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आले आणि कामगार चळवळीच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि हजारो संपकरी कामगार आपापल्या गावी परतले. खानापुरात परतलेल्या कामगारांनी आणि तेथील दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांनी मिळून जी चळवळ उभी केली तिच्यातून मुक्ती संघर्ष आणि पुढे येरळा नदीवरील बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. नदीतील वाळू ठेकेदारांच्या घशात जात होती. त्या वाळूच्या एका भागाच्या विक्रीतून धरणासाठी निधी उभारण्याचा हक्क लोकांनी लढून मिळविला आणि पाण्याची वाटणी प्रत्येक कुटुंबाला समान, भूमिहीनासह, असे तत्त्व ठरविले. तिवईचे तिन्ही पाय येथे पुन्हा एकत्र दिसतात: गावच्या साधनातून उभा राहिलेला निधी, स्वतःहून केलेले श्रम आणि सर्वांचा हक्क. जुन्या एरीत जे कधीच नव्हते ते येथे आहे, कारण हक्काची यादी करताना राबणाऱ्याचे नाव वगळले गेले नाही.

हे प्रयोग लहान होते. त्यांतील अडचणी पुष्कळ होत्या. त्यांचे क्षेत्र काही गावांपुरते राहिले आणि भोवताली ऊस व साखर कारखान्यांचे अर्थकारण वाढतच गेले. परंतु त्यांचे लहानपण हा त्यांच्या तत्त्वाचा दोष नव्हे. कायद्याने ते तत्त्व उचलून धरले नाही, हा दोष आहे. तमिळनाडूचा शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा २००० चा, महाराष्ट्राचा २००५ चा. दोन्ही कायदे पाणीवापर संस्थांना अधिकार देतात आणि दोन्हींत सभासदत्वाचा आधार लाभक्षेत्रातील जमीन हाच आहे. उत्तिरमेरूरच्या शिलालेखातील पाव वेलीची अट हजार वर्षांनंतर आपल्या कायद्यात वेश बदलून उभी आहे.

काय मागावे

लोकसहभागाला आमचा विरोध नाही. लोकांच्या सहभागावाचून एकही तळे टिकलेले नाही, हे अंबत्तूरचा इतिहासच सांगतो. विरोध आहे तो श्रमाचे आवाहन करून हक्काविषयी मौन पाळण्याला. म्हणून जेथे जेथे तळ्याच्या किंवा बंधाऱ्याच्या मरम्मतीसाठी लोकांना हाक दिली जाईल, मग ती तमिळनाडूत असो की मराठवाड्यात, तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी कामाआधी काही गोष्टी पदरात पाडून घेतल्या पाहिजेत.

पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमीनधारकांपुरते न ठेवता शेतमजूर, कुळे आणि गावातील स्त्रिया यांना स्वतंत्र सभासद म्हणून स्थान मिळाले पाहिजे. मरम्मतीच्या श्रमाला रोजगार हमीच्या कायद्याप्रमाणे पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. ‘लोकवर्गणी’ हवीच असेल तर ती ओलिताच्या क्षेत्राच्या प्रमाणात जमीनधारकाकडून घ्यावी, मजुराच्या अंगमेहनतीतून नव्हे. तळ्यातील मासळी, गाळ, वाळू यांचे उत्पन्न ठेकेदाराकडे न जाता तळ्याच्या निधीत जमा झाले पाहिजे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. शहराने गावाचे पाणी नेले तर त्याचा मोबदला आणि परतीच्या पाण्याची शुद्धता कायद्याने बांधलेली असली पाहिजे. आणि अंबत्तूरसारख्या ठिकाणी, जेथे शेतकरी उरला नाही, तेथे एरीचे नवे ‘कुडि’ म्हणजे तिच्या काठी राहणारा कामगार आहे, हे मान्य करून एरीच्या समितीत त्याच्या वस्तीला आणि त्याच्या संघटनेला जागा मिळाली पाहिजे.

यातील शेवटचा मुद्दा कामगार संघटनांनी विशेष मनावर घेण्यासारखा आहे. बोनस आणि महागाईभत्ता यांसाठी लढणाऱ्या संघटनेला कारखान्याच्या गटाराचे पाणी कोठे जाते, हा आपला प्रश्न वाटत नाही. परंतु त्याच कामगाराच्या पगाराचा एक हिस्सा दरमहा पाण्याच्या हंड्यांवर आणि टँकरवर खर्च होतो. मालकाने बुडविलेली एरी कामगार आपल्या मजुरीतून दररोज भरतो आहे. हा मजुरीचाच प्रश्न आहे.

१८५८ च्या कायद्याने रयतेला सांगितले होते की मरम्मत तुमची. पाणी कुणाचे, याविषयी तो कायदा गप्प होता. आजच्या योजनाही त्याच ठिकाणी गप्प होतात. तेथे त्यांना बोलते करणे, आणि उत्तर मिळेपर्यंत फावडे खांद्यावरून खाली न ठेवता बांधावर उभे राहणे, हे काम आपले आहे.